दिलेला शब्द आणि गेलेली नोकरी

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



या वेळच्या चिंतनाचा विषय आपल्याच एका इंदूरच्या भगिनीने दिला. विषय नोकरीतल्या कागदपत्रांचा आहे, म्हणून कुणाला वाटेल की सत्संगाच्या पत्रकात हे कशाला? पण त्यांचा प्रश्न कागदाचा नव्हताच. तो होता शब्दाचा. आज आपल्या प्रत्येक घरात कुणीतरी मुलगा, सून, जावई अशा कागदावर सही करून नोकरीला लागलेला असतो. म्हणून हे सगळ्यांनी शांतपणे वाचावं ही विनंती.

त्यांच्या परवानगीने, नावगाव न सांगता, हकिगत थोडक्यात देते. त्यांचा मुलगा एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. रुजू होताना जो कागद सही करून घेतला त्यात एक कलम होतं: नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच शहरात दुसऱ्या कुठल्या क्लासमध्ये शिकवायचं नाही, स्वतःचा क्लास काढायचा नाही, घरी ट्यूशनसुद्धा घ्यायची नाही. चार वर्षं त्याने मन लावून शिकवलं. यंदा ॲडमिशन कमी झाल्या, बॅचेस जोडल्या गेल्या, आणि त्याला व अजून काही जणांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. एक महिन्याचा पगार हातात दिला. त्याने घरी आठ मुलांना शिकवायला सुरुवात केली, तर पंधरा दिवसांत वकिलाची नोटीस!

ताईंनी मला फोनवर जे विचारलं ते मनात घर करून राहिलं. त्या म्हणाल्या, "कायद्यात काय ते वकील सांगेल हो. पण सही त्याने स्वतःच्या हाताने केली होती ना? शब्द दिला होता ना? आपण लहानपणापासून पोरांना शिकवलं की दिलेला शब्द मोडायचा नाही. आता मी त्याला काय सांगू?"

आधी कायद्याचं सांगून टाकते, कारण ते सोपं आहे. आपल्या देशात १८७२ सालचा करार कायदा आहे. त्याच्या २७व्या कलमाचा अर्थ असा, की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार त्या अडवणुकीपुरता रद्दबातल. नोकरी संपल्यानंतरची अशी बंधनं आपली कोर्टं साधारणपणे मानत नाहीत. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानेही त्याच १८७२ साली असाच नियम केला, आणि तो आजही तिथे चालू आहे.

म्हणजे कायद्याने मुलगा मोकळा. पण ताईंचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कायद्याने सुटलो म्हणजे धर्माने सुटलो का? आपण साधक. उधारीची मुदत टळली म्हणून कोर्टात दावा चालत नसला, तरी घेतलेले पैसे परत करायचे असं आपण मानतो. मग इथे "कायद्यात बसत नाही" एवढं म्हणून हात झटकता येतील का? माझ्या मते येणार नाहीत. उत्तर शोधायचं तर शब्द म्हणजे काय, इथूनच सुरुवात करायला हवी.

महाभारतात कर्णपर्वात एक प्रसंग आहे. युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाच्या बाणांनी घायाळ होऊन युधिष्ठिर छावणीत परतलेला. अर्जुन त्याला बघायला येतो. युधिष्ठिराला वाटतं, हा कर्णाला मारून आला. तसं झालेलं नाही हे कळल्यावर तो संतापतो आणि म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. आता अर्जुनाची एक गुप्त प्रतिज्ञा होती, की जो मला गांडीव दुसऱ्याला द्यायला सांगेल त्याचा मी वध करीन. तो चक्क तलवार उपसतो, थोरल्या भावावर! शब्द दिलाय ना, मग पाळलाच पाहिजे.

तिथे श्रीकृष्ण त्याला थांबवतो आणि कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कौशिकाने नेहमी खरंच बोलायचं व्रत घेतलेलं. दरोडेखोर आले, विचारू लागले, ती पळालेली माणसं कुठे गेली? याने खरं ते सांगितलं, आणि ती माणसं मारली गेली. कौशिक नरकात गेला. व्रत मोडलं म्हणून नव्हे. व्रत कशासाठी असतं हेच त्याला कळलं नाही, म्हणून. भगवंतांनी अर्जुनाला "प्रतिज्ञा सोडून दे" असं सोपं उत्तरही दिलं नाही. थोरल्याचा अपमान म्हणजे त्याचा वधच, असा मार्ग काढून दिला. म्हणजे शब्दाचा मान ठेवला, आणि शब्दामागचा धर्मही राखला.

यातून मला समजतं ते असं. शब्द पाळायचा याचा अर्थ त्यातली अक्षरं पाळायची एवढाच नाही. तो कुणी, कुणाला, कशाच्या बदल्यात, कशासाठी दिला, हे सगळं त्या शब्दाच्या पोटात असतं.

आता मुलाचा कागद बघू. त्याने शब्द दिला तो एकट्याने दिला नव्हता. समोरूनही एक शब्द होता, बोललेला किंवा न बोललेला: तू आमच्याकडे नीट काम कर, आम्ही तुला सांभाळू. खाल्ल्या मिठाला जागायचं असं आपण म्हणतो. बरोबरच आहे. पण मीठ देणाऱ्याने ताटच काढून घेतलं, आणि वर सांगितलं की दुसऱ्याच्या पंगतीलाही बसू नकोस, तर तो मिठाला जागण्याचा प्रश्न राहत नाही. आपली जुनी म्हण आहेच, आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना.

"सोडणं" आणि "काढणं" यात किती अंतर आहे ते आपल्या सुप्रीम कोर्टानेही पाहिलेलं आहे. १९८० सालचा निकाल आहे. मालाची तपासणी करणारी एक कंपनी. तिने आपल्या दिल्ली शाखेच्या मॅनेजरला डिसेंबर १९७८ मध्ये कामावरून काढलं. त्याच्या पत्रात अट होती की कंपनी सोडल्यावर दोन वर्षं, शेवटच्या नेमणुकीच्या गावी, असला धंदा करायचा नाही. त्याने दिल्लीतच तसाच धंदा सुरू केला आणि कंपनी कोर्टात गेली. न्यायमूर्ती तुळजापूरकरांनी दोघा न्यायाधीशांच्या वतीने लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की "सोडणं" म्हणजे स्वतःहून सोडणं. ज्याला काढलं त्याला ही अट लागूच होत नाही. तिसरे न्यायमूर्ती सेन यांनी २७व्या कलमावरच बोट ठेवलं, की अशी अट मुळातच टिकत नाही. वाटा दोन, पण कंपनी हरलीच.

ताईंच्या मुलाच्या कागदातही शब्द "नोकरी सोडल्यावर" असाच आहे. त्याने सोडली कुठे? त्याला काढलं.

इंग्लंडमध्ये १९०९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, भिंतींवर जाहिराती लावणाऱ्या एका कंपनीच्या मॅनेजरचा खटला ऐकला. त्याला नोटीस न देता, कराराच्या विरुद्ध काढलेलं होतं. निकाल असा लागला की कंपनीने स्वतः करार मोडला, आता त्याच करारातली बंधनं ती त्याच्यावर लादू शकत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१८ सालापासून कायदाच आहे, की ज्याला काही कारण नसताना काढलं किंवा कपातीत घरी बसवलं, त्याच्यावर असं बंधन चालवता येत नाही. आपली कितीतरी मुलं तिकडे आहेत, म्हणून मुद्दाम सांगते. तिथे राज्याराज्यात नियम वेगळा आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये सगळ्या देशात अशी बंधनं बंद करायचा नियम निघाला होता, पण ऑगस्टमध्ये टेक्सासच्या कोर्टाने तो अडवला. तेव्हा सही करण्यापूर्वी आपल्या राज्याचं काय ते पाहून घ्यावं.

देश वेगळे, काळ वेगळा, पण माणसाच्या मनातला न्याय सगळीकडे एकच बोलतो: एकाने हात सोडला की दुसऱ्याच्या हातातली बेडी राहू नये.

इथे मला एकलव्य आठवतो. गुरूंच्या चरणी बसणाऱ्यांनी ही गोष्ट टाळू नये असं मला वाटतं. द्रोणाचार्यांनी त्याला शिष्य म्हणून घेतलं नाही, दारातून परत पाठवलं. तो रानात मातीची मूर्ती करून स्वतःच्या मेहनतीने शिकला. आणि पुढे त्याच्याकडे उजव्या हाताचा अंगठा मागितला गेला. का? तर अर्जुनाच्या बरोबरीचा दुसरा कुणी होऊ नये म्हणून! एकलव्याने दिला, त्याच्या श्रद्धेला तोड नाही, आपण त्याला नमस्कारच करतो. पण मागणाऱ्याला इतक्या शतकांत कुणी शाबासकी दिलेली नाही. देणाऱ्याचं मोठेपण हे मागणाऱ्याचा न्याय ठरत नाही. ज्याला आपण घरात ठेवलं नाही त्याचा अंगठा मागायचा हक्क आपल्याला कुठून येतो? कामावरून काढलेल्याला "तुझी विद्या दोन वर्षं वापरू नकोस" सांगणं म्हणजे दोन वर्षांपुरता अंगठाच मागणं.

आता दुसरी बाजू. आपल्या ग्रुपमध्ये नोकरदार आहेत तसे दुकानदार, कारखानदार, डॉक्टर, क्लासवालेही आहेत. त्यांचंही दुःख खरं आहे. नमकीनच्या कारखान्यात कारागिराला मसाल्याचं माप हाताला धरून शिकवावं आणि वर्षभरात त्याने समोरच गाळा घ्यावा, जाताना गिऱ्हाइकांची वहीही न्यावी! याला काय म्हणायचं? पोटच्या पोरासारखं वाढवलेलं दुकान असतं. मालकाने काहीच बंधन घालू नये असं म्हणणं हाही अन्यायच.

म्हणून इथे बारीक फरक करावे लागतात. सुप्रीम कोर्टाचाच १९६७ चा एक निकाल आहे. कल्याणजवळच्या कारखान्यात कृत्रिम धाग्याच्या विभागात एक सुपरवायझर होता. धाग्याचं तंत्र कारखान्याने हॉलंडच्या कंपनीकडून पैसे देऊन, गुप्त ठेवण्याच्या अटीवर घेतलेलं. त्याच्याशी पाच वर्षांचा करार होता. तो मध्येच आपणहून सोडून कोट्याच्या दुसऱ्या कारखान्यात गेला. कोर्टाने त्याला अडवलं, करारातली मुदत संपेपर्यंत. आणि २०२५ च्या मे महिन्यात विजया बँकेच्या प्रकरणात कोर्टाने म्हटलं, की तीन वर्षांच्या आत स्वतःहून राजीनामा दिला तर दोन लाख रुपये भरायची अट चालेल, कारण सरकारी बँकेला पुन्हा भरतीचा खर्च आणि खटाटोप करावा लागतो. दोन्हीकडे माणूस स्वतः गेला होता. नोकरी त्याची होती, पगार मिळत होता. शब्द द्यायला समोर कुणीतरी उभं होतं.

आणखी एक. कुणी आपलं चालतं दुकान नावलौकिकासह विकलं, तर विकत घेणारा म्हणू शकतो की शेजारीच पुन्हा तसंच दुकान काढू नकोस. आपल्या २७व्या कलमातच, बंधन वाजवी असेल तर, ही सवलत आहे. ते बरोबरही वाटतं, कारण त्या थांबण्याची किंमत मोजलेली असते. जर्मनीत तर नोकरीनंतरच्या बंधनालाही असाच हिशेब आहे. थांबवायचं असेल तर जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि तेवढा काळ त्याच्या मिळकतीच्या निदान निम्मे पैसे द्यायचे. मला हे फार पटतं. माणसाला घरी बसवायचंय ना? मग त्याच्या घरची चूल पेटती ठेवा. फुकटात कुणाची दोन वर्षं मागू नयेत.

कुणी विचारेल, ज्याला स्वतःच्या चुकीमुळे काढलं त्याचं काय? चोरी केली, पेपर फोडला, मालकाला फसवलं? मॅसॅच्युसेट्सचा कायदाही विनाकारण काढलेल्यालाच मोकळा करतो. ही शंका रास्त आहे. "काढला गेलो" म्हणून साळसूदपणे मिरवायचं आणि आधी मुद्दाम काम बिघडवून ठेवायचं, असाही एखादा निघतो. त्याने फसवलं, तेव्हा त्याच्याबद्दल "मालकाने शब्द मोडला" असं म्हणता येत नाही. पण मला वाटतं, चुकीची शिक्षा चुकीच्या मापाने व्हावी. ज्याने नुकसान केलं त्याने ते भरून द्यावं, गुन्हा असेल तर पोलीस आहेत, कोर्ट आहे. पण ज्याने हिशेबात घोटाळा केला त्याला फिजिक्स शिकवायला बंदी, यात शिक्षेचा आणि चुकीचा मेळ कुठे बसतो? शिवाय चुकलेल्या माणसालाही बायकामुलं असतात, आणि प्रामाणिक मेहनतीची वाट बंद केली की अप्रामाणिक वाटाच उरतात. तुरुंगातून सुटून आलेल्यालाही काम मिळावं असं आपण म्हणतो. मग याला का नाही?

विद्येचा विचार केला की मला हे जास्तच जाणवतं. ग्वाल्हेरच्या भगिनींना अभिमान वाटेल असं उदाहरण देते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींकडे ख्याल शिकले आणि ती गायकी महाराष्ट्रात घेऊन आले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. प्रत्येकाने "माझ्याकडे शिकलेलं माझ्या दाराबाहेर गायचं नाही" असं बांधून घेतलं असतं, तर आज आपल्या घराघरांत संगीताच्या परीक्षा देणाऱ्या मुली दिसल्या नसत्या. हातात आणि गळ्यात उतरलेली विद्या मालकाच्या कपाटात परत ठेवता येत नाही. ती त्या माणसाचाच भाग झालेली असते.

मग ताईंच्या मुलाने सगळंच विसरून जायचं का? नाही. इथेच साधकाची परीक्षा आहे. कायद्याने आणि धर्मानेही तो शिकवायला मोकळा आहे. पण नोकरी गेली तरी काही शब्द जात नाहीत, कारण ते नोकरीच्या बदल्यात दिलेलेच नव्हते. ते माणूस म्हणून आपल्यावर असतात.

क्लासने तयार केलेल्या नोट्स, प्रश्नसंच, टेस्ट पेपर हे त्याचे नाहीत. ते वापरायचे नाहीत, पेन ड्राइव्हमध्ये असले तर पुसून टाकायचे. स्वतःच्या नोट्स नव्याने, स्वतःच्या हाताने काढायच्या. कष्ट पडतील, पण त्या शुद्ध असतील.

विद्यार्थ्यांच्या पालकांची नंबरांची यादी क्लासकडून आणलेली असेल तर तिला हात लावायचा नाही. कुणी आपणहून शोधत आलं तर गोष्ट वेगळी.

तिथल्या अंतर्गत गोष्टी, कुणाचा पगार, कुणाची भांडणं, बाहेर बोलायच्या नाहीत. आणि जुन्या मालकाची निंदा करायची नाही. ही सगळ्यात अवघड! पण निंदेने दुसऱ्याचं काही जात नाही, आपलीच साधना गळते.

माझ्या बुद्धीला ही विभागणी पटते: दुसऱ्याचं ते दुसऱ्याला परत, आणि आपलं कौशल्य आपल्या मुलाबाळांच्या पोटासाठी. चोरी न करणं हे व्रत आहे, उपाशी बसणं हे व्रत नाही.

आता थोडं व्यवहाराचं. मुलांनी सही करण्यापूर्वी कागद घरी आणावा, सगळ्यांनी मिळून वाचावा. "कंपनीने काढल्यास ही अट लागू राहणार नाही" एवढं एक वाक्य घालून मागावं. नाही घातलं तरी मागण्यात कमीपणा नाही. मूळ मार्कशीट, डिग्री कुणाकडे ठेवायला देऊ नये, कोरा चेक तर मुळीच नाही. नोटीस आली म्हणजे निकाल आला असं नव्हे. घाबरून क्लास बंद करू नये आणि रागाने फाडूनही टाकू नये. वकिलाला दाखवून मुदतीत, सभ्य भाषेत उत्तर द्यावं. प्रत्येक कागद वेगळा असतो, तेव्हा या पत्रकावर विसंबू नका, जाणत्याचा सल्ला घ्याच.

आणि जे गुरुबंधू स्वतः मालक आहेत त्यांना हात जोडून एक विनंती. तुमच्याकडच्या छापील कागदात हे कलम आहे का, एकदा काढून बघा. बऱ्याचदा वकिलाने किंवा दुसऱ्या कुणाच्या नमुन्यावरून ते आपोआप आलेलं असतं, आपण वाचलेलंही नसतं. गुपित जपायचं असेल तर गुपिताचं कलम ठेवा, वहीचं ठेवा, पण पोटाचं काढून टाका. आणि कधी नाइलाजाने माणूस कमी करावा लागलाच, तर जाताना त्याला दोन चांगल्या ओळींचं पत्र द्या. दुसरीकडे काम मिळायला त्याचा उपयोग होईल. ज्याच्या हाताने आपण चार वर्षं जेवलो, त्याचा हात बांधून त्याला घराबाहेर काढायचा नाही, एवढा धर्म कुठल्याही धंद्याला झेपतो.

गुरुमाउली सर्वांना सद्बुद्धी आणि ज्यांचं काम गेलं आहे त्यांना लवकर काम देवो. यावर आपल्या घरी, जेवणाच्या वेळी, मुलांना बरोबर घेऊन बोला. वेगळं मत असेल तर ग्रुपवर जरूर लिहा, फक्त कुणाच्या कंपनीचं नाव घेऊ नका.

जय गुरुदेव.

– पत्रक सेवा, इंदूर